खालून वर वाचायचा कागद

घाबरावं कसं, हे आमच्या व्याह्यांकडून शिकावं. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यातली एक तर रोज सकाळी आरशात भेटते. पण एवढ्या नेटानं, एवढ्या शिस्तीनं आणि चार रंगांच्या पेन्सिली जवळ बाळगून घाबरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. बाकीचे लोक घाबरतात, देवाला हात जोडतात आणि तासाभरात विसरून चहा पितात. आमचे व्याही घाबरले की आधी पट्टी काढतात.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. जन्म सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी. सगळी हयात चादरींच्या कारखान्यात गेली, पण मागावर नव्हे, मागाच्या आधी. चादरीवरचा मोर तुम्ही पाहिला असेल. तो मोर पहिल्यांदा ग्राफच्या कागदावर जन्माला येतो. एकेक बारीक चौकोन पेन्सिलीनं भरायचा, मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या मागावर चढवायच्या आणि मग कुठे मोर कापडावर उतरतो. व्याह्यांनी चाळीस वर्षं हेच केलं. पुढे हे काम कंप्युटर करायला लागला आणि ते घरी बसले, पण चौकोन काही त्यांच्या अंगातून गेले नाहीत. कडक भाकरी आपण मोडतो, ते तिचे चौकोनी तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावर मोजून तेवढीच शेंगाचटणी ठेवतात. फरशीवरून चालताना रेघेवर पाय पडू देत नाहीत. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि हे एकटे माझ्या पदराकडे. मला वाटलं, काय माणूस आहे. निघताना दाराशी येऊन हळूच म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. तुमच्या काठातली तिसरी कोयरी उलटी लागलीय." मी शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई. घरी येऊन चष्मा पुसून पाहिलं. उलटीच होती. ती साडी मी अकरा वर्षं मिरवली होती.

तर अशा माणसाच्या उजव्या पोटरीचं मांस एका दुपारी जेवणानंतर आपोआप उडायला लागलं. माझ्या लेकीला तेव्हा सातवा महिना होता. दुसऱ्या कुणी पाय झटकला असता आणि कूस बदलली असती. व्याह्यांनी मोबाइल घेतला. संध्याकाळी पोरंबाळं दिवाबत्तीला जमेपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं की नसांचा एक मोठा आजार असतो, त्यात आधी असंच मांस उडतं, मग हातापायांतलं बळ जातं आणि शेवटी बोलणं आणि गिळणंही थांबतं. त्या आजाराचं नाव ते घेत नसत. "तो" म्हणत. "त्याची सुरुवात अशीच असते," असं इतक्या अदबीनं म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, तालेवार घरचा पाहुणाच यायचा आहे.

मला हसू आलं, पण मी हसले ते त्यांना नाही. मोबाइल नव्हते तेव्हा आमच्याकडे पंचांग होतं, आणि पंचांगात शेवटी शेवटी एक पान असतं: अंगाचा कुठला भाग उडाला की काय फळ. मी तेवीस वर्षांची असताना बाळंतपणासाठी वैरागला माहेरी गेले होते, आणि तिथं माझा उजवा डोळा लवायला लागला. बाईमाणसाचा उजवा डोळा! एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी ते पान इतकं वाचलं की ते पंचांगातून सुटून आलं. खाली बारीक अक्षरात 'व्याधी' असं काही तरी होतं. माझं ठरलं. मी नवऱ्याला पत्र लिहिलं, माझ्यामागे एकटे राहू नका, नातेपुत्याची माझी मावसबहीण स्वभावानं गरीब आहे, तिच्याशी लग्न करा. लिहिताना मी इतकी रडले की शाई दोनदा फुटली. खरं सांगायचं तर ती बहीण मी दिसायला बेताची बघून निवडली होती. मरतानाही माणूस अगदीच बावळट नसतो. सोलापूरहून उलट टपाली कार्ड आलं. उघडं कार्ड, म्हणजे पोस्टमननं आणि गल्लीनं आधी वाचलेलं. त्यावर दोनच ओळी होत्या. "नातेपुत्याची नको, फार बोलते. तूच ये."

म्हणून मी व्याह्यांना नावं ठेवणाऱ्यांतली नव्हे. पण त्यांची तऱ्हा माझ्या कैक पट वरची. मी नुसती रडत होते, हे परीक्षा देत होते. आजार जिभेलाही धरतो असं वाचलं, तेव्हापासून पहाटे उठून अंगणात "कच्चा पापड, पक्का पापड" म्हणायला लागले. जीभ अडखळते का हे बघायचं. मराठीत अडखळली नाही तर मनाचं समाधान होईना, म्हणून तेलुगूतही म्हणत. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा पापडाचा धंदा काढतोय. दोघींनी तर आगाऊ सांगून ठेवले, उडदाचे, जरा तिखट. जीभ उडते का हे बघायला आरसा लागतो. तो स्कूटरला असतोच. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले की हे आरशात बघून जीभ बाहेर काढायचे. एकदा मागे ट्रॅफिकचा पोलीस उभा होता. आरशात त्याला ती जीभ आपल्यासाठीच आहे असं दिसलं. गाडी बाजूला घ्यायला लावून त्यानं विचारलं, "काय काका, वय काय, करायलाव काय?" व्याह्यांनी त्याला खरं ते सगळं सांगितलं, पोटरीपासून. पोलिसानं ऐकून घेतलं, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "काका, माझी पण पापणी उडायलीय दोन महिने. काय असंल?" सिग्नल तीनदा सुटला, दोघं तिथंच.

सगळ्यात मोठी परीक्षा बरण्यांची. हातातलं बळ जातंय का हे बघायला रोज पहाटे स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं उघडायची आणि पुन्हा लावायची. लावताना पुरेपूर जोर काढायचा, नाही तर परीक्षा कसली? मग दिवसभर त्या घरात लोणचं नाही, मीठ नाही, साखर नाही. हे स्कूटर घेऊन कुठं गेले की माझी विहीण, म्हणजे त्यांची बायको, मिठाची बरणी पदराखाली घेऊन कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं जायची. ती बाई शांत. मला एवढंच म्हणाली, "यांना काय होत नाय. मिठावाचून मलाच कायतरी होईल."

आणि पोटरी मोठी लाजरी. मी गेले की पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून म्हणायचे, "बघा, विहीणबाई, आता उडंल." मी चष्मा लावून, वाकून, श्वास धरून बघत राहायची. सुनेच्या आईनं व्याह्याच्या पोटरीकडे टक लावून बघत बसावं, हे दृश्य दारातून जाणाऱ्यांना काय वाटत असेल देव जाणे. दहा मिनिटं काही नाही. मी पाठ वळवली की, "आत्ता उडाली. गेली बघा."

इथवर सगळी गंमतच होती. मग नात झाली. बाळंतपण माझ्याकडे, विजापूर रोडला. बारशाला व्याही आले, पाळण्याभोवती तीन फेऱ्या घातल्या, पण हात पाठीमागे बांधलेले, संग्रहालयात काचेपुढे उभं राहतात तसे. मी म्हटलं, "घ्या की नातीला." तर म्हणाले, "हात धुतले नाहीत." हात धुण्यासाठी मी पाणी दिलं. धुतले, पुसले आणि परत पाठीमागे बांधले. सव्वा महिन्यानं लेक सासरी गेली, आणि आठ दिवसांत तिचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती. सासऱ्यांना ती त्यांच्या तेलुगूत मामय्या म्हणते. "आई, मामय्या बाळाला हात लावत नाहीत. ती रडली तरी उठून दुसऱ्या खोलीत जातात. यांना विचारलं तर म्हणतात, तुझा भ्रम आहे. आई, मुलगी झाली म्हणून का गं?"

ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त लागलं. आणि मला कारण ठाऊक होतं. जगात मला एकटीलाच ठाऊक असावं, कारण हा गुन्हा मी स्वतः केलेला होता. वैरागच्या त्या पत्राची गोष्ट मी हसत हसत शंभर जणांना सांगितली असेल, पण तिचा पुढचा भाग कुणालाच नाही. लेक झाल्यावरही माझा डोळा लवतच होता. मी ठरवलं, आपण तर जाणार. मग या पोरीला आपल्या मांडीची सवय कशाला लावायची, मागाहून तिलाच जड जाईल. पडल्या पडल्या पाजायचं आणि लगेच आईच्या हवाली करायचं. मांडीवर म्हणून घ्यायचं नाही. दहा दिवस. केवढा मोठा त्याग करतोय असं वाटत होतं मला, तोंड भिंतीकडे करून हुंदके देत होते. अकराव्या दिवशी माझ्या आईनं पोर माझ्या पुढ्यात आदळली म्हणावी अशी ठेवली आणि म्हणाली, "मरायचं तवा मर. आदी हिला मांडीवर घी." मी घेतली. डोळा कधी थांबला ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून पूर्व भागात गेले. व्याही ओट्यावर बसले होते. मी चहाही घेतला नाही. सरळ म्हटलं, "व्याही, तुम्ही पोरीला का घेत नाही ते मला माहीत आहे." आणि ते दहा दिवस सांगून टाकले. ते ऐकत राहिले. मग आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "अंगठा पण उडायलाय. परवा पेन्सिल पडली हातातनं. पेन्सिल पडली तर उचलता येती, विहीणबाई. ती पडली तर?"

मग ते उठले आणि आतून एक गुंडाळी घेऊन आले. ओट्यावर उलगडली. ग्राफचा कागद, हातभर रुंद. प्रत्येक ओळ म्हणजे एक दिवस, प्रत्येक चौकोन म्हणजे दहा मिनिटं. लाल म्हणजे पोटरी, हिरवा पापणी, निळा अंगठा, पिवळा दंड. चार महिन्यांचं उडणं न उडणं तिथं टिपलेलं. इतकं सुबक काम की माझ्या तोंडून "वा" निघालं आणि लाज वाटली. पण मग नीट बघितलं. वरच्या ओळी जवळजवळ कोऱ्या, कुठे एखादा निळा ठिपका. आणि खाली येता येता रंग दाट दाट होत शेवटी नुसता गालिचा. मी टाक्यांचे नमुने वाचणारी बाई, वरून खाली. माणसाची थट्टा करत होते मी, आणि याला खरंच झालेलं होतं. मी कसंबसं म्हटलं, "हे तर वाढत चाललंय हो."

व्याह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू तिसरी कोयरी पुन्हा उलटी लागली. "खालून वाचा की," म्हणाले. "कापड खालून वर विणत जातं. पहिला दिवस तळाला."

मी पुन्हा वाचलं. खालून. तळाला गालिचा आणि वर कोरं. "अहो, मग हे कमी होत चाललंय."

"हां," ते खिन्नपणे म्हणाले. "तेच तर. नस मरायलीय. मेल्यावर उडंल कशानं?"

म्हणजे वाढलं तरी तो आणि कमी झालं तरी तोच. एवढी भक्कम भीती मी आयुष्यात पाहिली नव्हती. माझं पंचांग तिच्यापुढे पोरखेळ. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं आणि मी बरोबर येणार. इतके महिने ते गेले नव्हते, कारण डॉक्टरनं हो म्हटलं असतं तर. निघताना विहिणीनं माझ्या पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी घातली. म्हणाली, "डाक्टरला म्हणावं, आदी हे उघडा."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. व्याह्यांनी टेबलावर गुंडाळी पसरली. बाईंनी कागद पाहिला, वरून खाली, आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली. मी आणि व्याही एकदमच म्हणालो, "खालून." मग त्यांनी तो खालून वाचला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. म्हणाल्या, "काका, असं रेकॉर्ड मला कुणीच आणून दिलेलं नाही." व्याही एवढ्या संकटातही अर्धा इंच उंच झाले. मग तपासणी. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला, जीभ काढा. जिभेची तर रोजची तालीम होती. गुडघ्यावर हातोडी, तळपायाला ओरखडा. शेवटी बाई चाकांच्या खुर्चीत समोर बसल्या, तळवे पुढे केले आणि म्हणाल्या, "मला ढकला. सगळा जोर लावा." व्याह्यांनी सांगितलं ते केलं. खुर्ची बाईंसकट मागच्या कपाटाला जाऊन लागली.

मी पिशवीतून बरणी काढली. म्हटलं, "बाई, ही उघडता येते का बघा." त्यांनी जोर लावून पाहिला, नाही. बाहेरच्या नर्सला बोलावलं, नाही. पट्टी बांधून घ्यायला आलेला एक दांडगा गडी होता, त्यानं दोन्ही गुडघ्यांत धरून जोर केला, चेहरा जांभळा पडला, नाही. व्याह्यांनी बरणी घेतली, उडणाऱ्या त्या अंगठ्यानं झाकण धरलं आणि एका पिळात उघडलं. खोलीभर लिंबाचा वास सुटला. बाई हसत हसत म्हणाल्या, "काका, त्या आजारात बळ जातं. तुमचं तर वाढलंय." मग गंभीर होऊन नीट सांगितलं: नुसतं मांस उडतंय, बळ कमी नाही, मांस कुठं झिजलेलं नाही, तर हे बहुधा साधं उडणं, कित्येकांना होतं, धास्तीनं, जागरणानं, चहानं वाढतं. "चहा किती घेता?" व्याही म्हणाले, "चौदा." तरी मनाचं समाधान म्हणून सुया टोचून करायची नसांची तपासणी केली, रक्तही घेतलं. दोन दिवसांनी सगळं स्वच्छ आलं. मी त्या कागदाला भर रस्त्यात कपाळाला लावला. व्याह्यांनी तो उलटा करून बघितला, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून.

त्याच संध्याकाळी नातीला घ्यायचा कार्यक्रम झाला. कार्यक्रमच म्हणायचा. व्याह्यांनी अंघोळ केली. भिंतीला टेकून मांडी घातली, दोन्ही बाजूंना उशा, पुढ्यात दुहेरी गादी, आणि विहिणीला नि जावयाला डावीउजवीकडं झेल घ्यायला बसवावं तसं बसवलं. लेकीनं पोरगी त्यांच्या हातात दिली. अंगठा तिच्या मानेखाली होता, आणि तो उडायला लागला. मी पाहिला, प्रथमच, माझ्या चष्म्यातून. व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "उडायलाय," म्हणाले.

"उडू द्या," मी म्हटलं.

पोरीला बहुधा गुदगुल्या झाल्या. तिनं मान जरा हलवली आणि बोळकं पसरून हसली. व्याही काहीतरी पुटपुटले, त्यातलं "बंगारू", म्हणजे सोनं, तेवढं मला कळलं, आणि मग तासभर त्यांनी तिला कुणाच्याही हातात दिली नाही. दूध प्यायची वेळ झाली तेव्हा लेकीला अक्षरशः अर्ज करावा लागला. कुणी तरी त्यांच्यासाठी चहा आणला. तो त्यांनी डोळ्यांनीच परत पाठवला.

उडणं पुढे अधूनमधून चालूच राहिलं, अजूनही आहे. पण कागद थांबला. थांबला म्हणजे वाया गेला नाही. व्याह्यांनी त्यावरून पट्ट्या पाडल्या, जुन्या पद्धतीचा माग अजून चालवणाऱ्या एका दोस्ताला गाठलं आणि त्या चार महिन्यांची चादर विणून घेतली, पाळण्याच्या मापाची. तळाला लाल, निळा, हिरवा, पिवळा गालिचा. वर जावं तसा रंग विरळ होत शेवटी शुभ्र. लोक विचारतात, हे डिझाइन कुठलं? व्याही म्हणतात, "घरचं."

मागावर चढवण्याआधी त्यांनी मला फोन केला होता. "विहीणबाई, तुमचा डोळा उजवा की डावा म्हणाला होता?" उजवा, मी म्हटलं. "आणि दिवस दहा?" दहा. एवढं विचारून फोन ठेवला. चादर आली तेव्हा पाहिलं, अगदी तळाच्या काठाला, त्यांच्या पहिल्या दिवसाच्याही खाली, पापणीच्या रंगाचे दहा हिरवे चौकोन एका ओळीत.

नात आता दोन वर्षांची आहे आणि ती चादर फरफटत घरभर फिरते, झोपताना तोच काठ मुठीत धरते. गेल्या आठवड्यात लेक माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी पोरगी झोपली, आम्ही दोघी शेजारी पडलो होतो. तिनं त्या काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आई, बाकी सगळं मामय्यांचं. हे दहा कुणाचे?"

त्या पत्राची थट्टा करणारा नवरा आता हयात नाही, आणि मला आईसारखं तोडून बोलता येत नाही. म्हणून मी पंख्याकडं बघत सांगितलं. सगळं, भिंतीकडं तोंड केलेलं सुद्धा.

ती उठली, उशी बाजूला सारली आणि छत्तीस वर्षांची ती घोडी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. माझी मांडी पार बधिर झाली तरी मी हलले नाही. मला वाटलं, झोपली. तर डोळे मिटूनच म्हणाली, "हा एक झाला. अजून नऊ."